सही आणि स्वाक्षरी : यंत्रनोंदींच्या प्रमाणीकरणाची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी हा विषय आजवर अभियंते, विधिज्ञ आणि लेखापरीक्षक यांचा मानला गेला आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि ज्या नियमांनी ही स्वाक्षरी घडविली ते नियम हा एक पाठ आहे. त्या पाठात शब्दाशब्दांमध्ये केलेले भेद हे अर्थाचे भेद आहेत. आणि स्वाक्षरी करणे ही तर मुळातच भाषिक कृती आहे. या पाठांचे समीक्षण भाषेच्या अंगाने करण्यास म्हणूनच जागा आहे.

विचारासाठी घेतलेले क्षेत्र मर्यादित आहे. औषधांचे कारखाने, लसींची साठवणगृहे, शीतगृहे, निर्जंतुकीकरणाच्या भट्ट्या अशा ठिकाणी तापमान, आर्द्रता, दाब इत्यादी राशी ठराविक अंतराने मोजून साठवून ठेवणारी यंत्रे बसविलेली असतात. त्यांना व्यवहारात डेटा लॉगर म्हणतात. यंत्राने साठविलेले आकडे सॉफ्टवेअरमध्ये येतात, तेथे त्यांचे आलेख व तक्ते होतात, आणि जबाबदार व्यक्तीने ते पाहून त्यांखाली पडद्यावरच सही करावयाची असते. ही सही म्हणजे कागदावरील वळणदार रेघ नव्हे. आपले नाव आणि सांकेतिक शब्द टंकित करणे, एवढीच ती क्रिया आहे. नियामक संस्थांनी काही अटींवर तिला हाताच्या सहीची योग्यता दिली आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. खेड तालुक्यातील लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. येथील महाविद्यालयांतून रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नोकरीस लागतात, आणि त्यांच्या नावावरची पहिली महत्त्वाची सही पुष्कळदा अशा पडद्यावरच होते. त्या सहीने आपण नेमके काय म्हटले, हे त्यांना ठाऊक असते काय, हा प्रस्तुत लेखाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सहीमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात : सही कोणाची, आणि सहीने काय म्हटले. पहिलीस आपण ओळख म्हणू, दुसरीस विधान. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या तंत्राने ओळखीचा अंश अतिशय भक्कम केला, पण विधानाचा अंश दुर्बळ राहू दिला. नियमांच्या पाठांत याची जाणीव सर्वत्र सारखी नाही. आपल्या जुन्या मराठी दफ्तरात ती फार स्पष्ट होती, आणि आजच्या आपल्या परिभाषेत ती जवळजवळ उरलेली नाही.

२. तीन पाठ

तुलनेसाठी तीन पाठ घेतले आहेत. पहिला अमेरिकेच्या संघराज्य नियमसंहितेतील २१ व्या शीर्षकाचा ११ वा भाग. हा मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टपासून अमलात आला. औषध व अन्न यांवर देखरेख करणाऱ्या तेथील प्रशासनाने तो काढला आणि त्या देशास औषधे पाठविणाऱ्या भारतीय कारखान्यांनाही तो पाळावा लागतो. दुसरा, युरोपीय संघाच्या औषधनिर्मितीविषयक मार्गदर्शिकेचे ११ वे परिशिष्ट. येथे त्याचा २०११ मध्ये अमलात आलेला पाठ विचारात घेतला आहे. तिसरा, आपला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, त्यात २००८ च्या दुरुस्तीने झालेल्या भरीसह.

भारतीय अधिनियमाने प्रथम ‘डिजिटल स्वाक्षरी’ ही एकच संज्ञा स्वीकारली होती. पुढे २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही अधिक व्यापक संज्ञा आली आणि डिजिटल स्वाक्षरी तिचा एक प्रकार ठरली. परंतु दोन्ही संज्ञांच्या व्याख्या एकाच कल्पनेभोवती फिरतात. ती कल्पना म्हणजे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे अधिप्रमाणन. अभिलेख अमुक व्यक्तीकडून आला आणि त्यानंतर बदलला नाही, एवढे सिद्ध झाले की अधिनियमाचे समाधान होते. सही करणाऱ्याने अभिलेख लिहिला, वाचला, पडताळला की मंजूर केला, याविषयी व्याख्येत शब्द नाही. सर्व प्रकारच्या व्यवहारांसाठी केलेल्या सामान्य कायद्यास हे शोभून दिसते. पण त्याची मर्यादाही यातच आहे.

युरोपीय परिशिष्ट याहून थोडे पुढे जाते. त्यातील चौदाव्या कलमात तीन अपेक्षा आहेत : संस्थेच्या अंतर्गत व्यवहारात इलेक्ट्रॉनिक सहीचा प्रभाव हाताच्या सहीइतकाच असावा, ती आपल्या अभिलेखाशी कायमची जोडलेली असावी, आणि ती केव्हा केली त्याचा दिनांक व वेळ तिच्यात असावी. ओळख, बंध आणि काल या तिन्हींची सोय येथे झाली. अर्थाचा उल्लेख मात्र या कलमातही नाही.

अमेरिकी पाठाचे वैशिष्ट्य येथेच लक्षात येते. त्याच्या ११.५० या कलमान्वये सही केलेल्या अभिलेखात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : सही करणाराचे छापील नाव, सहीचा दिनांक व वेळ, आणि सहीचा अर्थ. अर्थाची उदाहरणेही कलमात आहेत. परीक्षण, मान्यता, उत्तरदायित्व आणि कर्तृत्व ही ती होत. शिवाय ही माहिती यंत्राच्या पोटात असून भागत नाही. पडद्यावर किंवा छापील प्रतीत, मनुष्यास वाचता येईल अशा रूपात ती आली पाहिजे. ज्या पाठाकडे आपले तंत्रज्ञ केवळ अटींची यादी म्हणून पाहतात, त्याने सहीचा अर्थ हा सहीचा अनिवार्य घटक मानला, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी आहे.

याच पाठातील आणखी एक तरतूद भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास मनोरंजक वाटेल. एका अखंड सत्रात एकाच व्यक्तीने अनेक सह्या केल्या, तर पहिल्या सहीस नाव व सांकेतिक शब्द हे दोन्ही घटक लागतात. पुढील सह्यांस एक घटक पुरतो. सत्र तुटले की पुन्हा दोन्ही लागतात. आपण बोलताना हेच करीत असतो. प्रथम व्यक्तीचे नाव घेतो, पुढे ‘तो’ किंवा ‘ती’ एवढ्यावर भागवितो, आणि विषय तुटून पुन्हा सुरू झाला की नाव पुन्हा घेतो. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात व्याकरण नसावे. परंतु संदर्भ टिकून आहे तोवरच संक्षेप चालतो, हे भाषेचे तत्त्व त्यांनाही मान्य करावे लागले.

३. ‘सही’ आणि ‘स्वाक्षरी’

आता मराठी शब्दांकडे वळू. ‘सही’ हा शब्द अरबी ‘सहीह’ या शब्दापासून आपल्याकडे आला. मूळ शब्दाचा अर्थ निर्दोष, खरे, बरोबर असा आहे. मराठीत ‘सहीसलामत’, ‘सहीसही’ या प्रयोगांत तो अर्थ अजून जिवंत आहे. कागदाखाली सही होते तेव्हा, व्युत्पत्तीच्या दृष्टीने, कागदातील मजकूर खरा आहे असे सही करणारा म्हणत असतो. म्हणजे ‘सही’ हा शब्द मुळात विधेय आहे. ‘हे सही आहे’ असे एक संपूर्ण वाक्य त्यात दडलेले आहे.

‘स्वाक्षरी’ हा शब्द वेगळ्या घडणीचा आहे. स्वतःचे अक्षर, एवढाच त्याचा अवयवार्थ. ‘हस्ताक्षर’ शब्दाची घडणही तशीच. त्यात हात आहे आणि अक्षर आहे. दोन्ही शब्द कोणी लिहिले ते सांगतात. लिहिणाराने मजकुराविषयी काय म्हटले, हे त्यांतून निघत नाही. ‘सही’ हा विधानाचा शब्द आणि ‘स्वाक्षरी’ हा ओळखीचा शब्द, असा हा भेद आहे.

बोलण्याच्या मराठीत हे दोन्ही शब्द समानार्थी म्हणून वावरतात आणि त्यात गैर काही नाही. शब्द व्युत्पत्तीवर चालत नाहीत, रूढीवर चालतात. परंतु राज्यव्यवहाराच्या भाषेत परकी शब्द काढून त्याजागी संस्कृतोद्भव शब्द घालण्याचा प्रयत्न जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा काढलेला आणि घातलेला शब्द अर्थाने तुल्य आहेत असे गृहीत धरले गेले. शिवकालीन राजव्यवहारकोशापासून ही परंपरा आहे. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९२४ ते १९३७ या काळात, वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. फार्सी-मराठी कोशाचे कर्ते माधवराव पटवर्धन यांनीही पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ‘दिनांक’, ‘क्रमांक’ यांसारखे शब्द आज आपण सहज वापरतो. त्या चळवळीचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आल्याने अर्थाचे काही बिघडत नाही, कारण दोन्ही शब्द एकाच वस्तूकडे बोट दाखवितात. ‘सही’ आणि ‘स्वाक्षरी’ यांचे तसे नाही.

याचा एक बोलका पुरावा प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा संगणकावरून मिळू लागला. अशा उताऱ्यावर, तो डिजिटल स्वाक्षरीने दिलेला असल्यामुळे त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, अशा आशयाची सूचना असते. तर्काने पाहता हे वाक्य विचित्र आहे, कारण स्वाक्षरी आहे म्हणून सही नको, असे ते म्हणते. तरीही कोणाही वाचकास ते खटकत नाही. याचा अर्थ इतकाच की आपल्या भाषिक जाणिवेत हे दोन शब्द प्रत्यक्षात वेगळे झाले आहेत : यंत्राने पटविलेली ओळख ती स्वाक्षरी, आणि माणसाने मान डोलावून दिलेला शब्द ती सही. सूचना लिहिणाराने हा भेद हेतुपूर्वक केला नसेल. भाषेने तो त्याच्याकडून करवून घेतला.

४. रुजू, बार, मोर्तब

कागदाखाली काय म्हटले ते वेगळे सांगावे, ही कल्पना आपल्याकडे अमेरिकी नियमामुळे आलेली नाही. मराठेशाहीच्या मोडी कागदपत्रांवर मजकुरानंतर अनेक छोटे शेरे आढळतात. ‘रुजू’ म्हणजे मजकूर मूळ नोंदीशी ताडून पाहिला. ‘बार’ म्हणजे तो दफ्तरात चढविला. याच शब्दापासून झालेला ‘बारनिशी’ हा शब्द सरकारी कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदीसाठी आजही वापरात आहे. ‘मोर्तब सूद’ म्हणजे शिक्का झाला. यातील ‘सूद’ हा फार्सी ‘शुद’ या क्रियारूपाचा मराठी अवतार असून ‘झाले’ हा त्याचा अर्थ. पत्राच्या अखेरीस ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली लहान मुद्रा उमटवीत, ती मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, हे सांगण्यासाठी. लांब कागद अनेक तुकडे डकवून केलेला असेल, तर जोडावर पाठीमागून शिक्का मारण्याची रीत होती, म्हणजे मधला तुकडा बदलता येत नसे.

या शेऱ्यांचे व्याकरण पाहावे. ताडणे, चढविणे, शिक्का करणे या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि प्रत्येक शेरा क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. तो कोणी केला हे दफ्तरातील अधिकाराच्या वाटपावरून आणि हस्ताक्षरावरून कळे. म्हणजे येथे विधान प्रकट होते आणि ओळख गर्भित. आजच्या डिजिटल स्वाक्षरीत याच्या नेमके उलट आहे. ओळख प्रकट आणि विधान गर्भित.

‘निशाणी’चेही उदाहरण घेता येईल. गावच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी आणि इतर वतनदार व बलुतेदारही आपापल्या व्यवसायाच्या हत्याराची आकृती काढीत. अक्षरओळख नसलेल्या माणसाचे चिन्ह सहीच्या योग्यतेचे मानावे, हे तत्त्व पुढे १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमातही कायम राहिले. पण महजरावरील नांगर एकटा उभा नसे. गोतसभेत काय ठरले याचा वृत्तांत वर लिहिलेला असे, आणि निशाणी त्या निवाड्यास आपली संमती म्हणून येई. चिन्ह कितीही मुके असले तरी त्याचे विधान समोर वाचून दाखविलेले असे.

अमेरिकी नियमाच्या ११.७० या कलमात सही व अभिलेख यांची अशी जोड मागितली आहे की सही काढून, नक्कल करून दुसऱ्या अभिलेखास डकविता येऊ नये. जोडावरचा शिक्का हेच काम करीत होता. सॉफ्टवेअर ते गणिती संक्षेपांक काढून करते, साधन बदलले आहे एवढेच. मागील बदल कोणी, केव्हा आणि काय केला याचा आपोआप राखलेला माग, ज्यास ऑडिट ट्रेल म्हणतात, त्याचे नातेही ‘लेखनसीमे’शी लावता येते, कारण पुढे काही घुसडले जाऊ नये हीच काळजी दोहोंच्या मुळाशी आहे. अर्थात हे साम्य प्रयोजनाचे आहे, वंशाचे नव्हे. जुन्या दफ्तराने नव्या यंत्राचे भाकीत केले होते, असला दावा येथे अभिप्रेत नाही. दफ्तर मोठे झाले, माणसे एकमेकांस अनोळखी झाली, की प्रमाणीकरणाचे व्यवहार कोणत्याही काळात असेच वेगवेगळे करावे लागतात, एवढेच म्हणावयाचे आहे.

५. यंत्र लिहिते तेव्हा

येथवरचा विचार कोणत्याही कागदास लागू पडेल. यंत्रनोंदीची अडचण याहून खोल आहे, कारण तिचा मजकूर मनुष्याने लिहिलेलाच नसतो.

जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ सालची हार्वर्ड येथील व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. काही उद्गार वस्तुस्थिती सांगत नाहीत, ते उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांतील विचार आता सर्वपरिचित आहे. बोललेल्या उद्गाराचा कर्ता समोर असतो. लिहिलेल्या उद्गाराचा कर्ता सहीने कळतो, असेही ऑस्टिन यांनी तेथे दाखविले. पुढे अर्विंग गॉफमन यांनी १९७९ च्या एका निबंधात ‘बोलणारा’ या एका शब्दाखाली दडलेल्या भूमिका वेगळ्या केल्या. शब्द प्रत्यक्ष उमटविणारा उच्चारक, शब्दांची निवड करणारा रचयिता, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी मांडली जाते, ज्यास ते शब्द बांधतात, तो धनी. जुन्या राजपत्रात या भूमिका सहज दिसतात : अक्षर कारकुनाचे, मजकूर चिटणीसाचा, पत्राचे धनी छत्रपती किंवा पेशवे.

डेटा लॉगरच्या नोंदीत उच्चारक यंत्र आहे. रचयिता शोधू गेल्यास तो अर्धवट सापडतो. किती मिनिटांनी मोजावे, संवेदक कोठे लावावा, कोणती मर्यादा ओलांडली म्हणजे इशारा द्यावा, हे ज्याने ठरविले तो एक प्रकारे मजकुराची चौकट रचतो. परंतु तो बहुधा यंत्र बसवून निघून गेलेला असतो. राहता राहिला धनी. ते स्थान सही करणाराकडे येते. म्हणजे ज्याने शब्द उच्चारले नाहीत आणि रचलेही नाहीत, त्या मनुष्यास त्या शब्दांनी बांधावयाचे आहे. अशा सहीत ‘कर्तृत्व’ हा अर्थ संभवतच नाही. ‘परीक्षण’ किंवा ‘मान्यता’ एवढेच संभवते, आणि म्हणूनच ते शब्द अचूक असणे येथे अन्य कोणत्याही कागदापेक्षा अधिक निकडीचे आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. वीस संवेदक दर मिनिटास एक नोंद करीत असतील, तर बारा तासांच्या पाळीत १४,४०० आकडे जमतात. पाळीच्या अखेरीस कर्मचाऱ्यापुढे पडद्यावर ‘परीक्षण’ या अर्थाची सही उभी राहते. त्याने १४,४०० आकडे वाचले काय? वाचणे शक्य नाही आणि बहुधा अपेक्षितही नाही. त्याने आलेख पाहिला, मर्यादा ओलांडल्याचे इशारे पाहिले, यंत्राची घड्याळे बरोबर चालली आहेत हे पाहिले, एवढेच शक्य आहे. मग ‘परीक्षण’ या शब्दाने त्याने काय केल्याचे सांगितले? नियमाने सहीचा अर्थ लिहावयास सांगितले ही त्याची थोरवी. पण उदाहरणादाखल दिलेल्या शब्दांची व्याप्ती त्याने उघडी ठेवली, हे त्याचे न्यून. ऑस्टिन यांच्या परिभाषेत, ज्या उद्गाराच्या पूर्तीसाठी आवश्यक ती कृती झालेलीच नाही तो उद्गार सदोष ठरतो. मात्र कृती कोणती आवश्यक हेच ठरलेले नसेल, तर दोष उद्गार करणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

६. एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल की, हा सारा शब्दांचा कीस आहे. सांकेतिक शब्द गुप्त असावा, सहीचा बंध तुटू नये, ऑडिट ट्रेल चालू असावा, म्हणजे नोंद विश्वसनीय झाली; तीखाली ‘तपासले’ लिहिले काय आणि ‘पाहिले’ लिहिले काय, सारखेच. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. तंत्राने लबाडी अवघड होते. बेपर्वाई अवघड होत नाही. आपल्याच नावाने, आपल्याच सांकेतिक शब्दाने, न पाहिलेल्या नोंदीखाली केलेली सही तंत्राच्या दृष्टीने निर्दोष असते.

नोंदींवरील विश्वास उडाला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, त्याजवळच्या वाळूज येथील वोक्हार्ट कंपनीच्या कारखान्यातील मालास अमेरिकी औषध प्रशासनाने मे २०१३ मध्ये आपल्या देशात येण्यास प्रतिबंध केला. त्या वर्षी कंपनीस पाठविलेल्या इशारापत्रात, फाडून टाकलेले मूळ नोंदींचे कागद तपासनिसांस कचऱ्याच्या जागी आढळल्याचा उल्लेख होता. त्याच वर्षी रॅनबॅक्सी कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तेथेही खोट्या माहितीचा प्रश्न होता. आपल्याकडेही २८ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या औषध नियमांच्या सुधारित ‘एम’ अनुसूचीने संगणकीय प्रणालींविषयीच्या अपेक्षा स्पष्ट केल्या. औषध घेणारा रोगी कारखाना पाहत नाही, तो दुसऱ्या कोणीतरी नोंदीखाली दिलेल्या शब्दावर विसंबून गोळी गिळतो.

कोकणाच्या जिव्हाळ्याचे उदाहरण आंब्याचे आहे. अमेरिकेने भारतीय आंब्यास २००७ मध्ये पुन्हा प्रवेश दिला तो विकिरणाच्या अटीवर. किमान मात्रा ४०० ग्रे ठरली. मात्रा मोजली गेली, नोंदली गेली आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केली, तरच फळ विमानात चढते. मे २०२५ मध्ये नवी मुंबई येथे विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकेतील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार, त्यासाठी दिलेले कारण किडीचे नव्हते. विकिरणाची साक्ष देणारे ‘पीपीक्यू २०३’ हे प्रपत्र योग्य रीतीने दिले गेले नव्हते, असे ते होते. परत नेण्याचा खर्च परवडण्याजोगा नसल्याने निर्यातदारांनी तो माल तेथेच नष्ट होऊ दिला, आणि नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचे सांगितले गेले. हे प्रपत्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे, हे खरे. परंतु यंत्राने दिलेली मात्रा, तिची नोंद आणि त्या नोंदीखालील मनुष्याचे विधान ही साखळी तीच आहे. साखळीची शेवटची कडी सैल झाल्याबरोबर आंब्याच्या गोडीस काही किंमत उरली नाही, आणि सहीशी ज्यांचा संबंध नव्हता अशांवर तोटा पडला.

अमेरिकी नियमातील आणखी दोन तरतुदी या आक्षेपाच्या उत्तरासाठी ध्यानात घ्याव्यात. आपल्या नावाने झालेल्या इलेक्ट्रॉनिक सहीस व्यक्ती उत्तरदायी राहील, असे लेखी धोरण संस्थेने करावे, असे ११.१० या कलमात आहे. आणि इलेक्ट्रॉनिक सह्या वापरण्यापूर्वी संस्थेने प्रशासनास एक प्रमाणपत्र द्यावयाचे असते, की या सह्या आम्ही हाताच्या सह्यांइतक्याच बंधनकारक मानतो. या प्रमाणपत्रावर मात्र हाताचीच सही लागते. म्हणजे सर्व इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या तळाशी मनुष्याने शुद्धीवर राहून, शब्दांत लिहिलेले एक विधान आहे. तंत्राची सारी इमारत एका शब्दावर उभी आहे, हे नियमकर्त्यांनीच मान्य केले आहे.

७. परिभाषेविषयी सूचना

मराठीतून चालणाऱ्या सॉफ्टवेअरांत आणि कार्यपद्धतीच्या पत्रकांत आज ‘प्रमाणित’, ‘सत्यापित’, ‘अधिप्रमाणित’, ‘साक्षांकित’ असे शब्द एकमेकांच्या जागी येतात. चारही शब्द वजनदार आहेत. पण चारही ऐकून कर्मचाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी निश्चित क्रिया उभी राहत नाही. महसुलाच्या व्यवहारात फेरफाराची नोंद धरणे आणि ती प्रमाणित करणे या दोन क्रिया दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असल्याने तेथे शब्दास अर्थ टिकून आहे. जेथे क्रियांची वाटणी स्पष्ट, तेथे शब्दही स्पष्ट राहतात. यंत्रनोंदीपुरती ती वाटणी अशी करता येईल.

‘पाहिले’ : आलेख व इशारे नजरेखालून गेले. ‘ताडले’ : नोंद दुसऱ्या स्वतंत्र मापाशी किंवा मूळ फाइलीशी जुळवून पाहिली, जुना ‘रुजू’ शब्द येथे घेण्यास हरकत नसती, पण ‘नोकरीवर रुजू होणे’ या अर्थाने तो आता अडकून पडला आहे. ‘मान्य केले’ : या नोंदीच्या आधारे माल पुढे पाठविण्याची जबाबदारी घेतली. ही तीन विधाने तीन पायऱ्यांची आहेत आणि वरचे विधान खालच्यास गृहीत धरते. ‘लिहिले’ हा अर्थ यंत्रनोंदीच्या यादीत असूच नये. मनुष्याने नोंदीवर स्वतःचा शेरा जोडला असेल, तरच त्या शेऱ्यापुरता तो द्यावा.

ही क्रियापदे प्रथमपुरुषी असावीत, ही दुसरी सूचना. ‘तपासण्यात आले’ या कर्मणी रचनेची कार्यालयीन मराठीस फार सवय जडली आहे. तिच्यात कर्ता सांगण्याची सक्ती नसल्याने तो बहुधा गळतो, आणि कर्ता गळाला की उत्तरदायित्वही गळते. पडद्यावर ‘मी ताडले’ असे वाक्य उमटून त्याशेजारी नाव, दिनांक व वेळ आली, तर नियमाची अट तर पुरी होईलच. सही करणारासही आपण बोलत आहोत याची जाणीव राहील. ज्या मुलामुलींना आपण पदवी देऊन या पडद्यांपुढे बसवितो, त्यांना एवढी जाणीव देणे हे भाषेच्या विभागाचे काम नाही असे कोणी म्हणू नये.

अमेरिकी नियमाने सहीला अर्थ जोडून एक मोठी गोष्ट केली, आणि त्या अर्थाच्या शब्दांची व्याप्ती मोकळी सोडून ती अर्धवट ठेवली. भारतीय अधिनियमाने अर्थाचा प्रश्नच व्याख्येबाहेर ठेवला. ही उणीव कायद्याच्या दुरुस्तीवाचूनही भरून काढता येईल, कारण अर्थाचे शब्द प्रत्येक कारखाना, प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या कार्यपद्धतीत स्वतः लिहीत असते. ते लिहिताना यंत्र कोणाची स्वाक्षरी ओळखते एवढेच न विचारता, त्या स्वाक्षरीने कोणत्या गोष्टीस ‘सही’ म्हटले, हेही विचारले जावे. ओळख यंत्रास राखता येते. खरे-खोटे मात्र माणसालाच म्हणावे लागते.